डावा कान चार्ज होत नाही: पोगो पिन नावाच्या खटक्याबद्दल

शेजारच्या काकूंचा डावा इअरबड महिनाभर मुका होता. दुकानात दाखवला तर "बॅटरी गेली, नवीन जोडी घ्या" असं उत्तर मिळालं. संध्याकाळी काकू डबी घेऊन माझ्याकडे आल्या. "तू त्या सर्किट बोर्डांमध्ये काम करतोस ना? मग सांग, उजवा धडधाकट कसा? दोघं एकाच दिवशी जन्माला आलेत."

प्रश्न बिनतोड होता. डबीच्या खळग्यात टॉर्च मारला. तिथे प्रत्येक कानासाठी टाचणीच्या डोक्याएवढे दोन सोनेरी ठिपके असतात. उजवीकडचे दोन्ही वर आलेले, डावीकडचा एक मात्र आत बसलेला आणि भोवती काळपट मळ. कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं, लाकडी टूथपिकने हलकेच चार-पाच वेळा दाबलं, तसा ठिपका टुणकन वर आला. बड ठेवला आणि दिवा लागला. बॅटरी ठणठणीत होती. तिच्यापर्यंत वीजच पोहोचत नव्हती.

तो ठिपका म्हणजे पोगो पिन. घड्याळ, इअरबड, लॅपटॉपचा चुंबकी चार्जर यांत ती दिसते. तुमच्या घरातलं बहुतेक प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरण कारखान्यातून बाहेर पडण्याआधी अशाच पिनांनी टोचून तपासलेलं असतं, ते मात्र दिसत नाही.

नाव कुठून आलं?

कार्टूनच्या चॅनेलशी काही संबंध नाही. पोगो स्टिक म्हणजे खाली स्प्रिंग असलेली, उभं राहून उड्या मारायची काठी. पिनची रचना तशीच, म्हणून हे नाव. मुळात ते एव्हरेट चार्ल्स या अमेरिकी कंपनीचं नोंदणीकृत व्यापारी नाव, पण आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो तसंच याचं झालं. कारखान्यात "प्रोब" म्हणतात, नाहीतर नुसतं "पिन".

पिनच्या पोटात

खटक्याचं बॉलपेन डोळ्यांसमोर आणा. पोगो पिनमध्येही एक नळी, आत स्प्रिंग आणि पुढे सरकणारा दांडा, एवढे तीनच भाग असतात. दांडा दाबला की आत जातो, सोडला की बाहेर येतो. फरक आकाराचा. घड्याळाच्या चार्जरमधली अख्खी पिन तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान असते आणि दांड्याची हालचाल बहुतेक वेळा एक-दीड मिलिमीटरच्या आत.

दांडा आणि नळी साधारणतः पितळेची किंवा बेरिलियम मिसळलेल्या तांब्याची. टोचायच्या कामासाठी दांडा पोलादाचाही करतात, कारण पितळेचं टोक लवकर बोथट होतं. वर निकेलचा थर आणि त्यावर सोन्याचा.

वीज स्प्रिंगमधून जाते का?

बहुतेकांना तसं वाटतं. वाटणारच, टॉर्चच्या मागच्या झाकणातली स्प्रिंग वीज वाहतेच की. पण पोगो पिनच्या स्प्रिंगने वीज वाहू नये यासाठी बरीच खटपट केलेली असते.

हिशेब करून बघा. स्प्रिंगची तार केसापेक्षा जरा जाड, ०.१ मिलिमीटर धरा. वेटोळं उलगडून सरळ केलं तर लांबी १० सेंटिमीटर भरेल. साध्या पोलादाच्या अशा तारेचा विरोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, दोन-अडीच ओहम निघतो. तिच्यातून २ ॲम्पियर पाठवले तर आठ-दहा वॉट उष्णता त्या इवल्याशा तारेत तयार होईल. तार लाल होईल, पोलादाला दिलेलं पाणी उतरेल आणि स्प्रिंग कायमची ढिली पडेल.

म्हणून विजेचा मार्ग वेगळा आखतात. दांड्याचं आतलं टोक सरळ न कापता तिरपं कापतात. स्प्रिंग त्या उतारावर रेटा देते, तेव्हा दांडा पुढे तर ढकलला जातोच, शिवाय किंचित कलून नळीच्या भिंतीला टेकतो. वीज दांड्यातून भिंतीत आणि भिंतीतून बोर्डात जाते. काही पिनांत तिरप्या कापाऐवजी एक छोटी गोळी बसवून हेच साधतात. स्प्रिंगकडे काम उरतं फक्त ढकलायचं.

मला या सगळ्या प्रकारातली ही तिरकी कापणी सर्वांत आवडते. खर्च जवळपास शून्य आणि पिनचं आयुष्य तिच्यावर. स्वस्तातल्या पिनांत हा काप नसला की दांडा नळीत मधोमध तरंगतो, क्षणभर टेकतो, क्षणभर सुटतो. चार्जिंगचा दिवा मग लुकलुकत राहतो.

ढकलायचं तरी कशाला? नुसतं टेकलं तर?

पाटा-वरवंटा पाहिलेल्यांना हे पटकन कळेल. टाकी लावलेल्या पाट्यावर वरवंटा ठेवला तर दोन्ही दगड एकमेकांना पूर्ण चिकटत नाहीत. टाकीच्या खुणांचे जे उंचवटे असतात तेवढेच टेकतात, बाकी सगळी पोकळी. धातू डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसला तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो टाकी लावलेला पाटाच असतो. दोन धातू टेकले म्हणजे खरं तर थोडे उंचवटे भिडले, आणि सगळी वीज त्या मोजक्या ठिपक्यांतून अंग चोरून जाते. रॅगनार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकात याचा पायाभूत अभ्यास केला. विद्युत संपर्कांवरची एक आंतरराष्ट्रीय परिषद आजही त्याच्या नावाने भरते.

जोर लावला की उंचवटे चेपतात आणि भिडलेलं क्षेत्र वाढतं. ढोबळ नियम असा की स्वच्छ पृष्ठभागावर जोर चौपट केला तर सांध्याचा विरोध निम्मा होतो. म्हणजे जोर वाढवत नेण्यातला फायदा हळूहळू आटतो. म्हणूनच चार्जिंगच्या पिनांना ५० ते १०० ग्रॅमच्या आसपासचा जोर पुरतो. बोटाने एखादं बटण दाबतो तेवढा.

चांगल्या पिनचा विरोध ५० मिलिओहम, म्हणजे एका ओहमचा विसावा भाग, किंवा त्याहून कमी असतो. २ ॲम्पियरला त्यात ०.२ वॉट उष्णता होते, कुणाला कळतही नाही. मळ बसून तो अर्ध्या ओहमवर गेला की तिथेच २ वॉट जळतात आणि ५ व्होल्टांतला एक व्होल्ट वाटेतच खर्च होतो. मग उपकरण "चार्जर मंद आहे" असं दाखवतं, आपण चार्जर बदलतो, आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

दुसरं कारण मोजमापाचं. दोन वस्तू कधीच तंतोतंत सपाट नसतात. चार पिनांतली एक ०.२ मिलिमीटरने बुटकी असली आणि पिना ताठ असत्या, तर तिघी टेकल्या असत्या आणि चौथी अधांतरी. डुगडुगणाऱ्या स्टुलाचं तेच तर दुखणं असतं. स्प्रिंगमुळे प्रत्येक पिन आपापलं अंतर भरून काढते.

सोनं म्हणजे चैन का?

"एवढ्याशा चार्जरला सोनं? ग्राहकाला फसवायला लावलेला मुलामा असेल!" ही शंका मी अनेकदा ऐकली आहे. सोनं ही विजेची सर्वांत चांगली वाहक धातू आहे हा समज चुकीचाच. चांदी आणि तांबं दोन्ही तिच्या पुढे आहेत. पण देवघरातलं चांदीचं निरांजन काळं पडतं आणि तांब्याचा तांब्या चिंचेने घासावा लागतो. ती काळी-हिरवी पुटं विजेच्या वाटेत पडदा धरतात. सोन्यावर पुट चढत नाही, त्याचं मोल एवढ्यासाठीच.

थर किती? अनेकदा एका मायक्रॉनपेक्षाही कमी, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आत. सोनारापुढे ठेवण्यासारखं त्यात काही नाही. शिवाय हे दागिन्यातलं मऊ सोनं नसतं; थोडा कोबाल्ट किंवा निकेल मिसळून टणक केलेलं असतं, नाहीतर हजार वेळा घासल्यावर पितळ उघडं पडलं असतं. खालचा निकेलचा थर पहारेकऱ्याचा, तो नसेल तर खालचं तांबं हळूहळू सोन्यातून वर झिरपतं आणि काळं पडतं.

भीष्माची शरशय्या, कारखान्यातली

बोर्ड तयार झाला की तो चालतो का, हे बघायचं कसं? शेकडो सांधे, शेकडो सुटे भाग. प्रत्येक ठिकाणी हाताने मीटरची टोकं लावत बसलं तर दिवसाला दोन बोर्ड होतील.

यासाठी बोर्डाच्या नकाशाबरहुकूम एका जाड पाटीला भोकं पाडतात आणि प्रत्येक भोकात एकेक पिन उभी करतात. बोर्ड वरून दाबला की सगळ्या पिना एकदम आपापल्या जागी टोचतात. काही सेकंदांत यंत्र सांगतं की अमुक रोध (वीज अडवणारा सुटा भाग) चुकीचा आहे, तमुक दोन वाटा एकमेकींना चिकटल्या आहेत. इंग्रजीत याला खिळ्यांचा बिछाना म्हणतात, आमच्यातले जुने लोक शरशय्या म्हणायचे. पिन थेट भोकात बसवत नाहीत. आधी एक बाहेरची नळी ठोकतात, तिला मागून वायर जोडतात आणि पिन त्या नळीत सरकवतात. झिजली की चिमट्याने ओढून नवी घालायची. टोकंही कामाप्रमाणे: सपाट टेस्ट पॉइंटसाठी, म्हणजे तपासणीसाठीच ठेवलेल्या ठिपक्यासाठी, भाल्यासारखं, सुट्या भागाच्या पायावर बसवायला मुकुटासारखं, लांब पाय कवेत घ्यायला वाटीसारखं.

शरशय्येची उपमा मला नुसती शोभेची वाटत नाही. भीष्माचं डोकं लोंबत होतं, म्हणून अर्जुनाने बाणांची उशी दिली. बोर्डाचंही तसंच. १००० पिना आणि प्रत्येकीचा जोर २०० ग्रॅम धरला तर खालून २०० किलोंचा रेटा बसतो. वरून आधार नीट जागी नसेल तर बोर्ड वाकतो, आणि त्याच्यावरचे चिनी मातीसारख्या ठिसूळ पदार्थाचे छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) तडकतात. तडा बाहेरून दिसत नाही. बोर्ड चाचणीत पास होतो आणि चार महिन्यांनी ग्राहकाच्या घरी बंद पडतो. तपासणीनेच आजार दिला म्हणायचा! म्हणून जिग, म्हणजे ही पिनांची पाटी, बनवणारा माणूस पिनांइतकाच विचार आधारांच्या खुंट्या कुठे याव्यात याचा करतो.

एवढा जोर आणायचा कुठून? हवेच्या दाबावर चालणारी प्रेस वापरतात, नाहीतर उलट युक्ती करतात: बोर्डाखालची हवा ओढून घेतात. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. २० बाय ३० सेंटिमीटरच्या बोर्डावर पूर्ण निर्वात साधला तर ६०० किलोंचा भार फुकटात मिळतो. प्रत्यक्षात तेवढा मिळत नाही, पण काम भागतं.

घरात जुना रिमोट किंवा बंद पडलेला चार्जर असेल तर उघडून बघा (चार्जर आधी सॉकेटमधून काढून एखादा दिवस ठेवा, आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते). बोर्डावर काहीही न जोडलेले गोल चकचकीत ठिपके दिसतील, शेजारी टीपी १, टीपी २ असं छापलेलं. हे टेस्ट पॉइंट. भिंगातून पाहिलंत तर काहींवर बारीकसा खड्डा सापडेल. तिथे पिन टोचली होती.

या खिळ्यांचाही छळ असतोच. सोल्डरिंग करताना वापरलेल्या फ्लक्सचा चिकट अंश टोकांवर बसतो आणि चांगले बोर्ड नापास होऊ लागतात. एका कारखान्यात आम्ही अर्धी पाळी बोर्ड उलटेपालटे करून दोष शोधत होतो. शेवटी झाडूपोछा करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "सकाळपासून या ब्रशने पिना कुणी घासल्याच नाहीत." घासल्या, आणि नापासांतले बहुतेक बोर्ड पास झाले.

बातम्यांत येणारी "टेस्टिंग" म्हणजे हीच

गुजरातमध्ये साणंदला मायक्रॉनचा आणि आसाममध्ये जागीरोडला टाटांचा चिप प्रकल्प, याच्या बातम्यांत "असेंब्ली आणि टेस्टिंग" हे शब्द येतात. असेंब्ली म्हणजे चिपला कवच चढवणं हे लोकांना कळतं. टेस्टिंगमध्ये काय करतात हे कुणी सांगत नाही. एक मोठा भाग असा की कवच चढवलेली चिप एका खाचेत बसवायची. खाचेच्या तळाशी चिपच्या प्रत्येक टोकासाठी एक चिमुकली पिन असते, मोठ्या प्रोसेसरला अशा हजारो लागतात. दाबायचं, तपासायचं, काढायचं, पुढची बसवायची. चिपमधले संकेत फार वेगाचे असल्याने तिथे पिनची लांबी काही मिलिमीटरच ठेवतात. लांब पिन वेगवान संकेत बिघडवते.

चार्जरमध्ये लोहचुंबक का आला?

दोन कामांसाठी: जागेवर बसवायला आणि दाबून धरायला. ६० ग्रॅमच्या चार पिना म्हणजे २४० ग्रॅमचा रेटा चार्जरला दूर ढकलतो. चुंबकाने त्याहून जास्त ओढलं पाहिजे. चुंबकांची टोकं नीट मांडली तर चार्जर उलटा लावायला गेल्यावर तो स्वतःच झटकून टाकतो.

ॲपलने जानेवारी २००६ मध्ये लॅपटॉपला मॅगसेफ चार्जर आणला, तेव्हा ही कल्पना घरोघर कळली. वायरीत पाय अडकला तर लॅपटॉप खाली पडण्याऐवजी वायरच सुटते. जपानमध्ये गरम पाण्याच्या विजेच्या किटल्यांना चुंबकी प्लग त्याआधीपासून होते, कारण तिथे अडखळणं म्हणजे उकळतं पाणी अंगावर. मॅगसेफला पाच पिना: मधली लॅपटॉपशी बोलायला, तिच्या दोन्ही बाजूंना धन, कडेच्या दोन ऋण. त्यामुळे चार्जर कुठल्याही बाजूने लावला तरी फरक पडत नाही. आणि लॅपटॉप खरोखर जोडला गेला हे कळेपर्यंत पूर्ण व्होल्टेज पिनांवर येतच नाही.

हा शेवटचा मुद्दा स्वस्त चार्जर घेताना आठवा. चुंबक सेफ्टी पिनही ओढतो, शिवणाची सुईही. पिनांवर कायम उघडे ५ व्होल्ट असतील आणि सुई आडवी चिकटली तर शॉर्ट होणार. घड्याळाचा असा चार्जर वापरून झाला की सॉकेटमधून काढून ठेवावा, पर्समध्ये पॉवरबँकला जोडून तर अजिबात टाकू नये.

पिनांचा खरा शत्रू: घाम

झिजून मरणाऱ्या पिना मला चार्जरमध्ये क्वचित दिसल्या. चांगल्या चार्जिंगच्या पिना दहा हजार दाब तरी सहन करतात. रोज तीनदा लावला तरी नऊ वर्षं.

मारतो तो घाम. सोन्याच्या पातळ थरात सूक्ष्म छिद्रं असतातच. व्यायाम करून आलो, घड्याळ तसंच ओलं चार्जरवर ठेवलं, म्हणजे खारट पाणी, दोन धातू आणि वर ५ व्होल्ट. पाण्याचं विघटन व्हायला १.२३ व्होल्ट पुरतात. धन बाजूच्या पिनमधलं निकेल आणि तांबं छिद्रांवाटे विरघळू लागतं आणि हिरवा चिकटा बाहेर येतो. शाळेत मोरचुदाच्या पाण्यात तारा बुडवून केलेला प्रयोग आठवतो का? तोच आपण रोज रात्री उशाशी करत असतो. म्हणून एकच पिन आधी खराब होते, धनाची. काकूंच्या डबीत आत बसलेली तीच होती.

चांगले उत्पादक यावर ऱ्होडियमसारख्या महागड्या धातूचा थर देतात, किंवा उपकरण ठेवलेलं नसताना पिनांवरची वीज बंद ठेवतात. कोकणात आणि मुंबईत हवाच खारट. तिथे जुलै-ऑगस्टात हा त्रास वाढतो.

यूएसबी-सी आणि वायरलेस आलं, मग या पिना जातील का?

युरोपीय महासंघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅबलेट, इअरबड वगैरेंना यूएसबी-सी सक्तीचं केलं. पण त्यात सक्ती डबीच्या सॉकेटवर आहे. डबीतून कानात जाणाऱ्या बडमध्ये वीज कशी न्यायची हे उत्पादकाच्या हाती. आठ मिलिमीटरहून जास्त रुंदीचं सॉकेट बडमध्ये बसवायचं तर बड कानात मावणार नाही. घड्याळांना तर तो नियमच लागू नाही. आणि यूएसबी-सीच्या आतही लवचिक पट्ट्याच दाबून संपर्क करतात. आकार बदलला, तत्त्व तेच.

वायरलेस चार्जिंगला वेटोळं लागतं, जागा लागते, आणि बरीच वीज उष्णतेत जाते. म्हणून गंमत अशी दिसते: डबी वायरलेस चार्ज होते, बड मात्र डबीत पिनांवर.

घरी काय करायचं

बॅटरी गेली असा निवाडा देण्याआधी पिना वर-खाली होतात का बघा, पण दाबायला टाचणी नको, लाकडी काडी घ्या. पुसायला कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. समोरचे, म्हणजे बडवरचे किंवा घड्याळाच्या पाठीवरचे ठिपकेही पुसा. अर्धा मळ तिथेच असतो. पॉलिश पेपर लावू नका, मायक्रॉनभर सोनं एका घासण्यात जातं आणि पिन आठवडाभर छान चालून मग कायमची काळी पडते. तेल किंवा ग्रीसही नको, त्यात खिशातला कापूस अडकतो. घाम आलेला असेल तर घड्याळ कोरडं करूनच चार्जरवर ठेवा.

काकूंची पिन पंधरा दिवसांनी पुन्हा आत बसली. नळीच्या आत गंज गेला होता, तिथे कापूस पोहोचत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत त्या मापाची पिन किरकोळ पैशांत मिळाली. ती बसवून डाग द्यायला दहा मिनिटं लागली. डबी मात्र कारखान्यातून चिकटवलेली. केसांच्या ड्रायरने शेकत, कार्ड सरकवत ती उघडायला पाऊण तास गेला आणि झाकणाची एक कड उडाली ती उडालीच. काकू त्या कडेवर पट्टी लावून डबी वापरतात.